तुम्ही विचारलंत म्हणून: मॉक पोलची ५० मतं जातात कुठे?

"मतदान सुरू व्हायच्या आधीच ईव्हीएममध्ये मतं पडलेली असतात, हे खरं का?" असं मला दर निवडणुकीत कुणी ना कुणी विचारतंच. खरं आहे, आणि ती मुद्दाम टाकलेली असतात. प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान होतं. सगळी मिळून किमान ५० मतं, त्यात प्रत्येक उमेदवार आणि 'नोटा'ही आलं, एजंटांच्या (उमेदवारांच्या केंद्रावरच्या प्रतिनिधींच्या) डोळ्यांदेखत. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं वाट बघून पुढे जातात.

मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. कंट्रोल युनिटची, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राची, बटणं याच क्रमाने. रिझल्ट व्हीव्हीपॅटच्या (प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्यांशी जुळला की क्लिअर, आणि टोटल शून्य दिसलं पाहिजे. चिठ्ठ्या बाहेर काढून प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारतात, काळ्या लिफाफ्यात घालून सील करतात.

गडबड होते ती इथेच. क्लिअर करायचं राहून गेलं, तर कंट्रोल युनिटचं टोटल मतदार नोंदवहीपेक्षा दिवसभर ५०ने पुढे. क्लिअर झालं पण चिठ्ठ्या पेटीतच राहिल्या, तर टोटल बरोबर आणि चिठ्ठ्या ५० जास्त. पहिली चूक पहिल्या तासातच पकडता येते: टोटल बघा, नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक बघा. फरक एक-दोनचा असेल तर घाबरू नका. सही करून मत न देता निघून गेलेला मतदार असतो एखादा, त्याची नोंद वहीत हवी. फरक नेमका ५०चा आणि तो हलतच नसेल, तर केंद्राध्यक्षांना तिथेच सांगा.

क्लिअर झाल्यावर रिझल्टच्या कप्प्यावर हिरवा पेपर सील बसतो. एजंटांनी त्यावर सही करावी आणि त्याचा नंबर टिपून घ्यावा. सील फाडल्याशिवाय त्या कप्प्यातल्या बटणांना हात लागत नाही.

संध्याकाळी मिळते ती १७-सीची, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत. त्यात एकूण मतं असतात, पेपर सीलचे नंबर असतात. हॅकिंगवर तासभर तावातावाने बोलणारी मंडळी हा कागद न घेताच घरी जातात, याचं मला नवल वाटतं. मतमोजणीच्या टेबलावर हाच कागद लागतो. युनिटचा नंबर, सीलचा नंबर, टोटल: तिन्ही जुळले की मगच रिझल्टचं बटण दाबू द्यायचं. एक जरी जुळला नाही, तर हरकत तिथेच आणि लेखी.