पाटीवरचे पाच एचपी

पाणी खोल गेलं की उपशाची वीज किती वाढते, याचं यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या बोअरवेलींसाठी मांडलेलं आमचं समीकरण मोटारी भरणाऱ्या, म्हणजे त्यांच्यातली तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या, एका दुकानात मोडलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

1,000 लिटर पाणी 100 मीटर वर आणायला निदान 0.27 युनिट वीज लागते. पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर 0.68. म्हणजे पाणी खोल गेलं की खर्च वाढतो आणि उपसणारा आपोआप हात आखडतो. भूजलाचा साठा मोठा असेल तर उपशावर नियंत्रण घालून फारसा फायदा होत नाही, हा गिसर आणि सांचेझ या संशोधकांचा 1980 चा निष्कर्ष याच ब्रेकवर उभा आहे. एचपीवर ठोक बिल आलं की तो ब्रेकच निघून जातो.

आमच्या आकडेमोडीत मात्र खोलीचा विजेशी काही संबंधच दिसेना. कार्यालयाच्या यादीत 150 फुटांवरची मोटार पाच एचपी, 500 फुटांवरचीही पाचच. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पाटी काय वाचता? तार मोजा." पाणी खाली गेलं की मोटारीत जाड तार भरायची नाहीतर मोठी मोटार सोडायची, वरची एचपी सांगणारी पाटी तीच.

मग तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन निघालो. मोटार सुरू करून वीस मिनिटं थांबायचं, पातळी स्थिरावू द्यायची. तिन्ही फेज वेगवेगळे मोजायचे आणि त्याच क्षणी व्होल्टेजही घ्यायचं, कारण ते पडलं की अँपिअर चढतात आणि नुसत्या अँपिअरवरून मोटार मोठी भासते. ठिबक चालू असेल तर फिल्टरजवळचा दाब उंचीत मिळवायचा: 1 किलो दाबाला 10 मीटर. एका पाच एचपीच्या पाटीवर 380 व्होल्टला 13 अँपिअर मिळाले. पॉवर फॅक्टर 0.8 धरून 6.8 किलोवॉट, मोटारीची कार्यक्षमता 75 टक्के धरली तरी जवळपास सात एचपी.

यादीतली ही चूक इकडेतिकडे विखुरलेली असती तर सरासरीत बरीचशी जिरली असती. पण ती खोलीबरोबर वाढते, म्हणून खोलीबरोबर वीज किती वाढते हे दाखवणारा समीकरणातला उतारच नेमका सपाट होतो. शेतकऱ्याला खोटारडा ठरवून मोकळे होणारे सहकारी मला पटत नाहीत; दरच पाटीवर लावला, तर पाटी खरी राहील कशी? 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झालं, तेव्हापासून पाटीला आणखी वजन आलं आहे.

चालू मोटारींचे आकडे सुधारता आले. मागच्या वर्षांच्या यादीचं काय करायचं ते सुटत नाही. त्या मोटारी जळल्या, दोनदा भरल्या आणि भंगारात गेल्या.