ग्राट्सचा जिना आणि माझी थाप

अठरा वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने मी ऑस्ट्रियातल्या ग्राट्सला गेले होते. तीन दिवसांतले अडीच बैठकांत गेले. उरलेल्या अर्ध्या दिवसातून घरी एकच गोष्ट आणली, ती म्हणजे जोड चक्री जिना. खालून दोघं निघतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, गोल गोल चढत जातात आणि वरपर्यंत एकमेकांना भेटतच नाहीत. ताईच्या मुलाला हे सांगून मी कितीदा जेवण भरवलं असेल! तो आता व्हिएन्नात नोकरी करतो. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो तेव्हा ताईनेच विषय काढला, "तुझा तो जिना बघू या की एकदा."

सकाळी सातच्या आत गाडीत बसलो. अडीच तासांचा रस्ता, त्यात मधे सेमरिंगचा घाट. कार्ल फॉन गेगाने बांधलेला हा लोहमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. गाडी वळणं घेत दुमजली कमानींच्या पुलांवरून जाते. ताई खिडकीला नाक लावून म्हणाली, "खंडाळाच की गं." भोर घाटातून गाडी धावू लागली १८६३ मध्ये, म्हणजे नऊच वर्षांनी. त्यामुळे तिला हसायची सोय नव्हती.

माझ्या आठवणीत जिना टेकडीवर होता. गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या श्लोसबर्गवर कुठल्यातरी बुरुजात. पायऱ्या २६०, ताईचे गुडघे बघता तो बेत नकोच. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून लपायला टेकडीच्या पोटात भुयारं खणली होती, त्याच पोटातून आता लिफ्ट वर जाते. वर घड्याळाचा मनोरा. ताईने मान वर केली आणि दचकली. "अगं, तीन वाजत आले?"

वाजले होते सव्वादहा. या घड्याळाचा तासकाटा लांब आणि मिनिटकाटा आखूड आहे. आधी एकच मोठा काटा होता, तासांचा. लांबून दिसावा म्हणून मोठा. मिनिटांचा काटा नंतर आला आणि धाकट्यासारखा लहानच राहिला. या मनोऱ्याचं नशीबही बघा. पूर्वी या टेकडीवर किल्ला होता. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेला तो लढून घेता आला नाही, पण तहाच्या अटीत तो पाडायचं ठरलं. तेव्हा गावकऱ्यांनी पैसे भरून हा मनोरा आणि घंटेचा मनोरा तेवढे सोडवून घेतले. बाकी किल्ला गेला. आता तिथे बाग आहे.

पण जिना कुठेच नव्हता. दोन बुरुज, एक विहीर, एक उपाहारगृह, सगळीकडे फिरून झालं. शेवटी एका माळीबुवांना हातवारे करून विचारलं, दोन बोटं हवेत एकमेकांभोवती फिरवून. ते हसले आणि खाली बोट दाखवलं. "बुर्ग."

बुर्ग म्हणजे गावातला जुना राजवाडा. आता तिथे स्टायरिया प्रांताचं सरकार बसतं. गल्लीत कोरीव लाकडी दर्शनी भागाची एक जुनी बेकरी लागते, तिथे ताईने अर्धा तास घेतला, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पुढे फाटक, चौक, फायली घेऊन जाणारा एक माणूस. तिकीट नाही, पहारेकरी नाही. कोपऱ्यातल्या दारातून आत शिरलो आणि समोर तो! सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या काळातला, १४९९ चा. दगडी पायऱ्या, मधे झिजून खोलगट झालेल्या. दोन जिने आरशातल्यासारखे उलटसुलट वळत जाणारे, प्रत्येकाचा मधला खांब वेगळा. मॅक्सिमिलियनच्या बांधकामातला बराच भाग पुढे पाडला गेला, हा मात्र टिकला.

"मी डावीकडून," ताई म्हणाली. गुडघे आठवले नाहीत तिला.

आम्ही लहानपणी राहायचो त्या वाड्यात भिंतीतून जाणारा काळोखा जिना होता. वर जाताना "येतेय गंऽऽ" असं ओरडायचं, नाहीतर कुणाच्या तरी हातातल्या हंड्यावर डोकं आपटायचं. मी इथेही सवयीने ओरडले. पाच-सहा पायऱ्या चढले, भिंत संपली आणि ताई समोर उभी!

"भेटलो की," ती म्हणाली.

पुन्हा वेगळ्या झालो. पुढचा मजला, पुन्हा ताई. मजल्यामजल्याला दोन्ही वाटा एक होतात आणि परत फुटतात. गावात याला समेटाचा जिना म्हणतात, भांडून निघालेल्यांना दर मजल्यावर तोंड बघावंच लागतं म्हणून. मी अठरा वर्षं सांगत होते तो न भेटणारा जिना फ्रान्समधल्या शांबोरच्या महालात आहे. तो महाल १५१९ मध्ये सुरू झाला, ग्राट्सच्या जिन्यानंतर वीस वर्षांनी. तिथे मी कधी गेलेलीही नाही. कुठल्यातरी मासिकातला फोटो माझ्या आठवणीत शिरून ठाण मांडून बसला असणार. बरं, अठरा वर्षांपूर्वी मी एकटीच होते. एकटा माणूस चढला तर कोण कुणाला भेटणार?

ताई तिसऱ्यांदा माझ्याआधी पोचून कठड्याला टेकली होती, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, सापडला का जिना?"

मी काही बोलायच्या आत ताईने फोन ओढून घेतला. "सापडला," ती म्हणाली, "पण तो हा नव्हे."