शिकायचं वय

“एवढ्या मोठ्या माणसाला आता हे शिकवून काय मिळणार?” तबेल्याबाहेर उभ्या एका गृहस्थांनी आज सहज विचारलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आत माझा आतेभाऊ वरातीच्या घोडीला खरारा करत होता. पस्तिशीचा आहे, बौद्धिक दिव्यांग. घोडेवाल्या मामांनी त्याला बजावलं होतं, घोडीला बरोब्बर मागचं दिसत नाही, बाजूनं जायचं, बोलत जायचं. शेपटीकडून पलीकडे जाताना पठ्ठ्यानं तिच्या पाठीवरचा हात उचललाच नाही. “मी हितंच हाय, भिऊ नको,” तिला सांगत राहिला. घरी ज्याला दात घासायची दहादा आठवण करावी लागते, त्याला तिथं कुणी काही सांगितलं नाही.

मामा एवढंच म्हणाले, “उद्या खूर साफ करायला शिकवतो, पाठवा.”

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो ६ ते १८ वर्षांपर्यंत. पुढे काय? बऱ्याच घरांत टीव्ही आणि खिडकी.

आपल्या सोलापुरात घोडे आहेत, ते जिवापाड सांभाळणारी माणसं आहेत. आठवड्यातली एक सकाळ या मोठ्या मुलांना द्यायला कोण कोण तयार आहे?