भरलेली परत येणारी बाटली

घर बदलून आमच्या शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचा मी तिसऱ्या आठवड्यात आढावा घेते. चौथीतल्या त्या मुलीच्या कागदावर वर्गशिक्षिकांनी लिहिलं होतं, 'रुळली आहे. काही त्रास नाही.' त्याच सकाळी तिच्या आईला फोन केला आणि विचारलं, घरी आल्यावर ती सगळ्यांत आधी काय करते?

"दप्तर दारातच टाकते आणि बाथरूमकडे पळते."

आणि पाण्याची बाटली? आई जरा थांबली. "भरलेलीच असते. मला वाटायचं, येताना भरून आणते."

'शाळा आवडली का' या प्रश्नाला मुलं 'हो' म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी मी बाटली, डबा आणि घरी आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं यांच्याबद्दल विचारते. त्या दिवशी बाटलीने सगळं सांगितलं.

शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा झाला, तेव्हा तिला घेऊन मी दारापासून चालायला सुरुवात केली. दाराजवळ खिळ्याला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. तासाला बाहेर जायचं तर ती घ्यायची, जाऊन यायचं, पुन्हा अडकवायची. विचारायचं नाही. तिने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ही कोणाची आहे?" तीन आठवडे ती पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती. आधीच्या शाळेत हात वर करून परवानगी मागायची पद्धत. इथे पहिल्या आठवड्यात तिने तसा हात वर केला, बाईंना वाटलं तिला उत्तर द्यायचंय, त्यांनी 'थांब' अशी खूण केली. तेवढ्यावरून तिने ठरवलं की इथे तासाला सोडत नाहीत. मधल्या सुट्टीत जावं तर मोठ्या मुलींची गर्दी, त्यात आतल्या एका दाराची कडी बसत नाही. मग तिने पाणी पिणंच बंद केलं. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवणं हे रोज चाललं की बद्धकोष्ठ होऊ शकतो, मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. हे नुसतं लाजरेपण म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं.

शाळा तिला दाखवली होती, पण पहिल्या दिवशी, आणि दाखवली ती ग्रंथालय, प्रयोगशाळा, सभागृह. पहिल्या दिवशी मुलाच्या डोक्यात यातलं फारसं काही शिरत नाही. फेरी दोनदा हवी: एकदा शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या इमारतीत, आणि पुन्हा चौथ्या-पाचव्या दिवशी, मुलाला प्रश्न पडायला लागले की. त्यात नळ, स्वच्छतागृह, कड्या, बसची रांग, डबा खायची जागा आणि 'कोणाला काही न विचारता काय करता येतं' ही यादी असायला हवी. लेखी नियम पालकांना मिळतात. न लिहिलेले नियम वर्गातल्या बाकीच्या मुलांना इतके अंगवळणी पडलेले असतात की ते कोणी सांगत नाही.

होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली मोठ्यांच्या आयुष्यातल्या उलथापालथींना ताणानुसार गुण देणारी एक मापनपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, राहतं घर बदलण्याला २०, शाळा बदलण्याला २०, विरंगुळा बदलण्याला १९ आणि लोकांतला वावर बदलण्याला १८. लहान मुलांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यातल्या शेवटच्या चारही गोष्टी घर बदललेल्या मुलावर एकाच आठवड्यात येतात, हे पालकांना दाखवायला मला ती यादी उपयोगी पडते.

त्या मुलीला सोबतीण दिलेली होती. वर्गाची मॉनिटर, हुशार, जबाबदार. आमची चूक तिथेही झाली. अशा मुलीकडे आधीच दहा कामं असतात. 'हिची मैत्रीण हो' म्हटलं की तिला ते अकरावं काम वाटतं, आणि नव्या मुलीला ते जाणवतं. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही दोन मुली ठरवल्या, म्हणजे एक गैरहजर राहिली तरी अडत नाही, आणि तिघींना मिळून काम दिलं: मधल्या सुट्टीआधी खेळाचं साहित्य काढायचं, मोजायचं, संपल्यावर परत ठेवायचं. दोन आठवड्यांनी जोडी बदलायची. हाताला काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

मैदानावर मोठी माणसं हमखास सांगतात, 'जा, मला खेळायला घ्या म्हण.' तसं विचारलं की नकार देणं सोपं होतं. पुटलाझ आणि गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली, खेळणाऱ्या गटात नवं मूल कसं शिरतं ते पाहिलं होतं. स्वतःकडे लक्ष वेधणारी, प्रश्न विचारणारी मुलं मागे पडत. गटात जे चाललंय त्याच्याशी जुळवून घेणारी आत घेतली जात. म्हणून आम्ही मुलीला शिकवलं: जवळ उभी राहा, खेळ समजून घे, बाहेर गेलेला चेंडू आणून दे, जे चाललंय त्याबद्दलच बोल. 'आमच्या शाळेत असं नव्हतं' हे वाक्य मात्र पहिले काही आठवडे मैदानावर नको. ते घरी बोलायचं, आणि घरच्यांनी ते मन लावून ऐकायचं.

पोहण्याच्या क्लबचा घोळ संध्याकाळी आई भेटायला आली तेव्हा कळला. मुलगी चार वर्षं पोहत होती, तरी नव्या क्लबने तिला नवशिक्यांत बसवलं, कारण जुन्या क्लबमधली 'तिसरी पायरी' इथे कोणालाच कळेना. पायऱ्यांची नावं प्रत्येक क्लबची निराळी. जुन्या प्रशिक्षकांकडून एक पान लिहून आणायला सांगितलं: कोणते प्रकार येतात, न थांबता किती मीटर, आठवड्यातून किती वेळा सराव, सध्या काय दुरुस्त करणं चालू होतं. ते दाखवून गट ठरवण्याआधी चाचणी मागायची. असं पान घर सोडण्याआधीच घेतलेलं बरं.

पालक याच वेळी मुलाला तीन नव्या क्लबांत घालतात, 'ओळखी होतील' म्हणून. माझा याला स्पष्ट विरोध असतो. एकच क्लब, आणि तोही आधीपासून येणारी गोष्ट पुढे नेणारा, कारण शाळेत सगळं नवं असताना निदान हात-पाय तरी ओळखीचं काम करतात. आधी एकदा नुसतं काठावर बसून पाहायचं. नंतर दहा मिनिटं लवकर पोचायचं. गजबजलेल्या खोलीत आपण शिरण्यापेक्षा रिकाम्या खोलीत एकेक जण येत जाणं मुलाला झेपतं. कपडे बदलायची जागा आणि कप्प्याचं कुलूप कसं लागतं, हे पहिल्या सरावाआधी पाहून ठेवायचं.

महिन्याभराने बाटली कधी रिकामी, कधी अर्धी यायला लागली. आईला सांगितलं, रोज तपासू नका, आठवड्यातून एकदा पुरे. त्या सुमारास मी फेरीसाठी केलेला मजल्यांचा नकाशा मुलीला दाखवला. तिने पेन्सिल मागितली आणि तीन खुणा केल्या: वरच्या मजल्यावरचा डावीकडचा नळ गळतो, मधल्या सुट्टीच्या शेवटच्या पाच मिनिटांत स्वच्छतागृहात गर्दी नसते, आणि कडी न लागणारं दार आतलं दुसऱ्या क्रमांकाचं. तिसरी खूण घेऊन मी त्याच दुपारी देखभालीच्या माणसाकडे गेले. सोमवारी दुसरीत एक मुलगा येणार होता. त्याच्या फाइलमध्ये तोच नकाशा लावला आहे, तिच्या खुणांसकट.