खंबाटकी, ॲम्बॅसेडर आणि हायलमचा तुकडा: माझा अनुभव

आमच्याकडे वडिलांची १९८८ची ॲम्बॅसेडर आहे, मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. गेली चार वर्षं तिचं एकच दुखणं होतं. चालताना ठणठणीत, पण गरम असताना बंद केली की लवकर सुरूच व्हायची नाही. गेल्या मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून चहाला थांबलो आणि तिथेच अडकलो. आई मागे बसलेली, वर रणरणतं ऊन. पेट्रोल येत नसेल असं वाटून, वडील करायचे तसं, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं. पंप गार झाला, गाडी ढिम्म. शेवटी एअर क्लीनर काढून पाहिलं, तर कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोलचा भपका आला आणि आत थेंब थेंब गळताना दिसलं. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं असं नाही, नको इतकं येत होतं.

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, एकाच बाजूला असतात आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतो. थंडीत पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. गाडी चालू असते तोवर आत येणारी हवा आणि ताजं पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवतं. इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो, पाणीही थांबतं, आणि खालची सगळी धग वर चढते. पेट्रोलमधला हलका भाग चाळीसेक अंशांतच उकळायला लागतो. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळून जेटच्या बारीक भोकातून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि आपण वरून पेट्रोलचं प्रमाण आणखी वाढवणारा चोक ओढत बसतो. अशा वेळी चोकला हात लावू नका. एक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका आणि स्टार्टर मारा.

कायमचा उपाय म्हणजे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड स्पेसर. माझ्या गाडीत तिथे नुसतं पातळ पॅकिंग उरलं होतं. पुण्याच्या बोहरी आळीत विचारत विचारत १२ मिलिमीटर जाडीच्या हायलमचा, म्हणजे बेकलाइट या कडक प्लॅस्टिकच्या शीटचा तुकडा मिळवला. तासाभराचं काम. कार्बोरेटर उतरवून मापं काढली: मधलं भोक ३२ मिलिमीटर, दोन बाजूंना स्टडची, म्हणजे कार्बोरेटर ज्यांवर नटांनी आवळतात त्या बोल्टांची, भोकं. यात अवघड काहीच नाही असं मला वाटलं होतं.

तुकडा भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे दिला आणि तिथे माझे पाच आठवडे गेले. "उद्या संध्याकाळी या." उद्या गेलो तर माझा तुकडा टेबलाखाली जसाच्या तसा. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग सापडेना, म्हणून दुसरं काढून दिलं. तिसऱ्या खेपेला हातात चकचकीत ॲल्युमिनियमचा स्पेसर ठेवला. म्हणे, हायलमचा भुसा मशीन खराब करतो आणि हा जास्त टिकेल. टिकेल हो, पण ॲल्युमिनियम बेकलाइटच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं! मला धग अडवायची होती, तिला वर चढायला जिना बांधायचा नव्हता. हे मी तिथे उभं राहून समजावलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खेपेला पांढऱ्या नायलॉनचा तुकडा दिला. नायलॉन गरम मॅनिफोल्डवर नट आवळलेल्या अवस्थेत हळूहळू दबतं आणि फ्लँज, म्हणजे कार्बोरेटरची खालची बैठक, वाकडी होते. तोही परत केला. पाचव्या खेपेला एकदाचा हायलमचा आला, पण मधलं भोक ३० मिलिमीटरचं. कार्बोरेटरच्या तोंडाखाली चारी बाजूंनी एक मिलिमीटरची पायरी! हवा आणि पेट्रोल तिथेच अडखळणार. शिवाय सरळ पट्टी लावली तर एका कडेला उजेड दिसत होता. गाडी त्या दिवसांत अंगणात कार्बोरेटरशिवाय उभी होती, तोंडात फडक्याचा बोळा. आईला दवाखान्यात न्यायला मी दोनदा रिक्षा शोधली. तो राग अजून गेलेला नाही. सगळे पैसे मी आधीच मोजले होते, ही माझी चूक. तुम्ही निम्मेच द्या.

शेवटी तो अर्धवट तुकडा घरी आणला आणि दोन रविवारांत स्वतः पुरा केला. अर्धगोल कानसीने भोक ३२ केलं. मग काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून दोन्ही बाजू इंग्रजी आठच्या आकड्यात घासल्या, पट्टीखालचा उजेड जाईपर्यंत. तोंडाला मास्क हवाच. त्या भुशाला कार्बोलिकसारखा उग्र वास असतो आणि घसा धरतो. नव्याने भोक पाडणार असाल तर खाली लाकडाची फळी दाबून धरा, नाहीतर हायलमचे पापुद्रे सुटतात. तुकडा तयार झाला तेव्हा मी तो आईला नेऊन दाखवला. इतका आनंद मला नव्या गाडीनेही झाला नसता.

बसवताना स्टड आखूड पडले, ते लांब घालावे लागले. दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग. नट आलटून पालटून, बेताने आवळा. जोर लावला की कार्बोरेटरचीच फ्लँज वाकते आणि हवा ओढायला लागते. पहिल्या दिवशी माझं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, चढत होतं. सांध्यावर थोडं कार्ब क्लीनर मारल्यावर इंजिनचा आवाज बदलला, म्हणजे तिथूनच हवा शिरत होती. पॅकिंग बदललं. आणि कार्बोरेटर १२ मिलिमीटर वर गेला म्हणून एक्सलरेटरची सळईही जुळवावी लागते. माझं पेडल तळाला टेकलं तरी थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप, पूर्ण उघडत नव्हतं. बॉनेट लावण्याआधी एअर क्लीनर वर आपटत नाही ना, हेही पाहा.

आता मायलेज, कारण सगळे तेच विचारतात. टाकी फुल करून तीन-तीनदा मोजलं. हायवेला आधी ११ होतं, आताही ११च आहे. शहरात ८ वरून पावणेनऊ झालं. त्यातलं बरंचसं पेट्रोल सांडणं थांबल्यामुळे आणि मिक्श्चर नव्याने लावल्यामुळे वाचलं, असं मी मानतो. स्पेसर लावल्याने ताकद वाढते असं म्हणतात, पण ते मोठ्या इंजिनांच्या शर्यतीच्या गाड्यांबाबत, तिथे कार्बोरेटरखालची जागा वाढली की वरच्या आरपीएमला फरक पडू शकतो. आपल्या एका तोंडाच्या सोलेक्स कार्बोरेटरला चढावर मला तरी काही जाणवलं नाही. उलट डिसेंबरच्या सकाळी चोक जरा जास्त वेळ ठेवावा लागतो, कारण कार्बोरेटर उशिरा तापतो. म्हणून १२ पेक्षा जाड घालायच्या फंदात पडू नका.

या मे महिन्यात पुन्हा खंबाटकी चढलो. वर मुद्दाम गाडी बंद करून अर्धा तास थांबलो. आई म्हणाली, "बघ बाबा, मागच्यासारखं नको." किल्ली फिरवली आणि पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागलं.

हो, पाचशे किलोमीटरनंतर नट एकदा तपासा. माझा एक पाव फेरा सैल झाला होता.