उमेदवारी अर्जाच्या कागदांतून आलेला जाहीरनामा

डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर उभे राहायचे ठरवले, तेव्हा माझ्या वहीत गटारी, दिवाबत्ती आणि पाणंद रस्ता एवढीच कामे होती. गावात न्याय आणायचा म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.

ते कळले अर्जाला जोडायच्या कागदांमुळे. घरपट्टीची थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले, तर नमुना आठवर, म्हणजे घराच्या कर-आकारणीच्या उताऱ्यावर, घर अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर निघाले. ज्या घराची पट्टी मी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भरली, त्याच्या उताऱ्यावर माझा मागमूसही नव्हता. पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची सोय जुनीच आहे. पण ते मागावे लागते, आणि मागता येते हेच बहुतेक बायकांना ठाऊक नसते. दाखला दोन हेलपाट्यांत मिळाला, आणि वहीतले पहिले कलम त्याच संध्याकाळी बदलले : प्रत्येक घराच्या उताऱ्यावर घरातल्या बाईचे नाव.

अपत्यांविषयीच्या घोषणापत्रावर सही करताना मात्र माझा हात अडखळला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ही निवडणूक लढवता येत नाही, म्हणून माझ्याहून कितीतरी हुशार आणि बोलकी असलेली शेजारीण बाद ठरली होती. तिसरे मूल तिला नको होते, सासरच्यांना हवे होते.

दुसरे कलम महिला ग्रामसभेचे. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी, असे कायदा सांगतो. आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरे आणि सह्या झाल्या की सभा झाली असे धरले जाई.

तिसऱ्या कलमावरून वाद झाला. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने त्या वर्षी मे महिन्यात, पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. तसा ठराव आपणही करू, असे मला पत्रकात हवे होते. ‘वहिनी, म्हातारी मते फुटतील,’ असे पॅनेलप्रमुख म्हणाले आणि मी ऐकले. दारोदार बोलले खरी, पण छापले नाही. याची बोच अजून आहे.

१८ डिसेंबरला मतदान झाले आणि मी थोडक्यात पडले. तरीही प्रचारखर्चाचा हिशेब मुदतीत द्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरवतात. म्हणून चहाच्या पावत्यांसह तो तहसील कार्यालयात दिला. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा खरोखर भरवावी, असा लेखी अर्ज ग्रामसेवकांकडे केला. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. उताऱ्यावर नाव लावण्यासाठी तिथे अकरा जणींनी अर्ज दिले, त्यात एक माझा होता.