गडवारी क्र. ४१ : गड तेवढाच, कॅलरी वेगळ्या

सिंहगड, पायथ्याची आतकरवाडी ते वरचा पुणे दरवाजा, ७४ मिनिटं. जानेवारीत हाच चढ ६२ मिनिटांत झाला होता, म्हणजे वेळेच्या रकान्यात आजची वारी नापास. पण घड्याळ खूश होतं. वर पोचल्यावर त्याने ७३५ कॅलरी दाखवल्या. जानेवारीत ५४० होत्या. मधल्या चार महिन्यांत सिंहगड काही उंच झालेला नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा असा आकडा वाढला तेव्हा मी मनातून हरखलो होतो. उन्हात जास्त जळतं, घाम म्हणजे चरबी वितळतेय, असलं सगळं मीही मानत होतो. त्या हिशेबाने वर गेल्यावर पिठलं-भाकरीवर एक प्लेट कांदाभजी 'हक्काची' धरायला लागलो. मेपर्यंत सव्वा किलो वाढलो. मग वही उघडून बसलो.

साधा हिशेब. मी ७२ किलो, पाठपिशवी ३, एकूण ७५. चढ सुमारे ६०० मीटरचा. एवढं वजन एवढं वर न्यायला निव्वळ काम होतं ते जेमतेम १०५ किलोकॅलरींचं (घड्याळाची 'कॅलरी' म्हणजे हीच किलोकॅलरी). स्नायू मात्र खाल्लेल्यातला पाचवा ते चौथा हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे खर्च त्याच्या चौपट ते पाचपट, ४२० ते ५२५ च्या आसपास. हे गणित थंडीत आणि उन्हात जवळपास तेच राहतं. आज १२ मिनिटं जास्त लागली, त्याचे नुसते जिवंत राहण्याचे पंधराएक धरा. उन्हात हृदय आणि श्वास जास्त राबतात, त्याचेही थोडेफार. पण १९५? कुठून?

उत्तर ठोक्यांत होतं. जानेवारीत मिनिटाला सरासरी १४१, आज १५९. मनगटावरचं घड्याळ कॅलरी मोजत नाही, ठोके मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. उन्हात रक्ताचे दोन वाटेकरी होतात : पायांना हवं असतं आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही. वर घामातून पाणी जात राहतं, रक्त आटतं, आणि तेवढंच काम भागवायला हृदय जास्त वेळा धडधडतं. घड्याळाला वाटतं, गडी आज फारच जोरात आहे. गडी तर वाटेतल्या तिसऱ्या खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभा असतो.

घामाचंही मोजून पाहिलं. निघताना अंग पुसून ७२.३, घरी परतल्यावर पुन्हा अंग पुसून ७०.९. वाटेत पाणी आणि ताक मिळून पाऊण लिटर पोटात गेलेलं. म्हणजे दोन लिटरच्या वर पाणी गेलं. घड्याळाच्या ७३५ खऱ्या मानल्या, त्या सगळ्या चरबीतूनच गेल्या असं धरलं, तरी चरबी १०० ग्रॅमच्या आतच. बाकीचं वजन संध्याकाळपर्यंत माठातून परत आलं.

एक गंमत मात्र खरी आहे. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा आकडा बघून आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, "अरे, म्हणजे नुसतं घाम गाळत बसलं तरी झालं की!" नाही काका, ती आधीच तयार झालेली उष्णता आहे, घाम तिला फक्त बाहेर सोडतो. आणि टपकून खाली गेलेला घाम तेही करत नाही. गेल्या जुलैची नोंद काढून बघितली : हवा २४ अंश, वर धुकं, तरी ठोके १५२. टी-शर्ट पिळला तर धार लागली. ताकवाल्या मावशी म्हणाल्या, "पावसात भिजलास व्हय रं?" पाऊस पडलाच नव्हता. दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग निवणार कसं?

थंडीचं काय, हे विचारणारे बरेच आहेत. कुडकुडायला लागलं की शरीर खरोखरच बसल्यापेक्षा कितीतरी पट जाळतं. पण पुण्याच्या थंडीत माझं कुडकुडणं खडकवासल्याच्या धरणाशेजारी, स्कूटरवर होतं. बोटं ब्रेकवर वळत नाहीत, दात वाजतात. चढ सुरू झाला की दहाव्या मिनिटाला जॅकेट पिशवीत. पुढचं सगळं चढणाऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेवर चालतं, ११ अंशांचा काही उपयोग होत नाही. उलट थंडीत परतल्यावर भूक अशी लागते, की स्कूटरवर जळलेलं दोन वड्यांत भरून निघतं.

तर बदल असे. वहीतला कॅलरींचा रकाना खोडला. तिथे आता 'आधीचं वजन, नंतरचं वजन, प्यायलेलं पाणी'. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून मधल्या दिवशी पर्वती टेकडीच्या दोन फेऱ्या, मुद्दाम संध्याकाळी पाचला. उन्हात साठवणीतली साखरही लवकर संपते, आज शेवटची दहा मिनिटं पाय जड झाले ते त्यामुळेच असावं, तेव्हा पिशवीत चार खजूर.

आणि पुढच्या रविवारी साडेपाचला पायथ्याला. आज साडेसातला चढायला लागलो होतो, ती चूक उन्हाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.